रुमालाखालचे अकरा

"चालून दाखव," आप्पा म्हणाले.

मी गोठ्यापासून उंबऱ्यापर्यंत चालून दाखवलं. मग वळून परत ये म्हणाले. आले. तर म्हणे मान खाली कशाला, मान टाकून चालणारं जनावर गिऱ्हाईक आजारी समजतं.

"अवं, पोरगी हाय ती," आई चुलीपासून म्हणाली. "बाजारात उभी करायची न्हाय तिला."

"मुलाखत म्हंजी बाजारच की," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी मला पुन्हा चालायला लावलं.

ही गोष्ट माझी बारावी झाली त्या वर्षीची. पुढे पस्तीस वर्षं मी सरकारी दवाखान्यांतून गाईम्हशी तपासल्या, आता निवृत्त होऊन घरी बसले आहे. बसले आहे म्हणायचं, लोक बसू देत नाहीत. पण ती सकाळ वेगळी गेली असती तर मी आज कुठल्यातरी शाळेतून निवृत्त झाले असते, आणि पोरांच्या तीन पिढ्यांनी मला शिव्या घातल्या असत्या.

जनावरांच्या डॉक्टरीला मला दोन गुण कमी पडले होते. दोनच. त्या वर्षी कॉलेजनं जनावरं पाळणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी दोन जागा बाजूला काढल्या होत्या आणि त्या मुलाखत घेऊन भरायच्या होत्या. तिथं नंबर लागला नाही तर मामानं डी.एड.चा फॉर्म भरून ठेवलेलाच होता. मामाचं म्हणणं, मास्तरीण हो, सावलीत राहशील. मला सावली नको होती. मी पाचवीत असताना आमच्या कपिलीचं वासरू पोटात आडवं आलं आणि भर दुपारी तालुक्याच्या डॉक्टरांनी दंडापर्यंत हात घालून ते सरळ करून बाहेर काढलं. वासरू शिंकलं. त्या शिंकेपासून मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. घरात हे मी कुणाला बोलले नव्हते, कपिलीला मात्र रोज सांगायची.

आमचे आप्पा, ज्ञानू मेटकरी, सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात बैलांचे दलाल. बाजारात त्यांना ज्ञानू कुणी म्हणत नसे, डावरा म्हणत. जेवण सोडून सगळं डाव्या हातानं. सौदासुद्धा. आमच्याकडे जनावराची किंमत तोंडानं बोलत नाहीत. घेणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं एका रुमालाखाली हातात हात घालायचे. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा दाबला की पाच, दोनदा दाबला की दहा. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असली तरी आकडा त्या दोघांतच राहतो. आणि सौदा जमो की मोडो, रुमालाखाली काय झालं ते तिसऱ्याला सांगायचं नाही, ही रीत.

बायकांनी त्या रुमालाखाली हात घालायची पद्धत नव्हती. पण मी एकुलती एक, मग पावसापाण्याच्या दिवसांत आप्पा घरात बसून कुणाशी खेळणार? सात वर्षांची असल्यापासून मी त्यांच्याशी रुमालाखाली सौदे केले. चिंचोक्यांचे, गोट्यांचे, एकदा तर आईच्या जात्याचासुद्धा. मी उजव्या हाताची आहे, पण बोटांचे हे आकडे मला डाव्याच हातानं येतात. ज्या हातानं शिकलो त्या हातानं यायचं, त्याला इलाज नाही.

आप्पांचा दुसरा हातखंडा शिंगं साळण्याचा. बैलांचा सण, बेंदूर, जवळ आला की अर्धा गाव बैल घेऊन आमच्या दारात. आप्पा कानस घ्यायचे, शिंग घासून घासून आरशासारखं करायचे, वर तेलाचा हात. कानस धरायला मीही त्यांच्याकडूनच शिकले, तीही डाव्याच हातानं. आता बैलाच्या शिंगावर वयाप्रमाणे वेढे चढत जातात. साळलं की वेढे जातात आणि बैल तरणा दिसतो. सणाला साळली तर ती शोभा. पण बाजाराच्या आदल्या दिवशी साळली तर? मी एकदा विचारलं होतं.

"पावडर लावलेल्या बाईला कुणी फसवलंस म्हणतं का?" आप्पा म्हणाले होते.

आई म्हणाली होती, मला काय ठावं, मला कधी आणून दिली न्हाईत.

तर मुलाखतीची तयारी. मला दोन मास्तर होते. एक आप्पा आणि दुसरे जनावरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर इसाक बागवान. बागवानचाचा रोज संध्याकाळी सायकलवरून यायचे, खिशातून वही काढायचे आणि प्रश्न विचारायचे. गाईचा गर्भकाळ किती, म्हशीचा किती, शेळीला दात किती. ते मला यायचं. मग शेवटी वही मिटून, घसा साफ करून विचारायचे, तुला पशुवैद्यक का व्हायचं आहे? याचं उत्तर त्यांनी स्वतः लिहून दिलं होतं: मुक्या जीवांची सेवा हीच खरी ईश्वरसेवा असे मी मानते. ते मी चाळीस वेळा म्हटलं. शेवटी शेवटी मला म्हशीकडे बघायची लाज वाटायला लागली, कारण आमची म्हैस मुकी असती तर गल्लीला सुखाची झोप लागली असती.

आप्पांना ते उत्तर मुळीच पटलं नव्हतं. त्यांचं शिकवणं वेगळं. आधी बोलायचं नाही. जनावर दाखवलं तर पायाकडून वर बघत जायचं, तोंडाकडून खाली नाही. पोटात असेल तेच बोलायचं. आणि एक गोष्ट त्यांनी मला आदल्या संध्याकाळी तीनदा बजावली.

"मालकाच्या म्होरं, चारचौघांत, त्याच्या जनावराची खोड काढायची न्हाय. जनावर पडलं तर उठवता येतं शाले, माणसाची पत पडली की उठत न्हाय. लईच वाटलं तर रुमालाखाली सांगायचं."

बागवानचाचा हसले, म्हणाले कॉलेजात कसला रुमाल.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एस.टी. धरून आम्ही निघालो. आप्पांनी नवा फेटा बांधला होता आणि माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरले होते. कॉलेजच्या आवारात पोचल्यावर ते मोठ्या कडुलिंबाखाली बसले ते बसलेच. व्हरांड्यात आम्ही अकरा जण. दहा मुलगे, एक मी, आणि माझा नंबर शेवटचा.

आत टेबलामागे तिघं होते. मधे डॉक्टर जामदार, केस पांढरे, निवृत्तीला आलेले, गोठ्यात आयुष्य गेलं आहे हे त्यांच्या मनगटांवरूनच कळत होतं. त्यांच्या डाव्या बाजूला चष्मा लावलेले एक किडकिडीत सर आणि उजवीकडे सगळं लिहून घेणारे एक जण. गर्भकाळ, दात, लाळ्या-खुरकूत, सगळं बरोबर सांगितलं. मग चष्मेवाल्या सरांनी विचारलं, पशुवैद्यक का व्हायचंय? माझ्या तोंडून मुके जीव सुटले. सरांनी पेन खाली ठेवलं. त्या सकाळी त्यांनी ते वाक्य कितव्यांदा ऐकलं असेल देव जाणे.

"तुमच्या घरची जनावरं मुकी आहेत का?" जामदार साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब," मी म्हणाले. "आमच्या म्हशीपायी शेजारी घर बदलायला निघालेत."

तिघंही हसले आणि माझ्या अंगातली भीती तिथंच सांडली. मग मी कपिलीच्या वासराचं सांगितलं, शिंकेसकट. लिहिणारे लिहायचे थांबून ऐकत होते. मला वाटलं, झालं आपलं काम.

पण काम राहिलं होतं. परीक्षेचा शेवटचा भाग अंगणात. तिथं एक पांढराधोप खिलार बैल बांधला होता, त्याचं नाव राजा. प्रत्येकाला एकच सोपा प्रश्न होता, बैल तपासून वय सांगा. जामदार साहेबांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली, जशी आप्पा आमच्या सोन्या बैलाच्या पाठीवर मारायचे.

"मी स्वतः निवडून आणलाय, सांगोल्याच्या बाजारातून," ते म्हणाले. "तुमच्याच गावचा. बघ."

मी पायाकडून वर बघत गेले. खुरं पसरलेली, गुडघ्यांवर जाडी आलेली. जबडा उघडला. दात जुळलेले तर होतेच, पण घासून बुटके झालेले आणि मधे फटी पडलेल्या. लांबून तो पाच वर्षांचा दिसत होता, पण पाच वर्षांच्या बैलाचे दात असे नसतात. शिंगं मात्र गुळगुळीत, एक वेढा नाही. मी शिंगावरून हात फिरवला आणि माझं बोट एका बारीक ओरखड्यावर अडकलं. ओरखडे तिरपे होते. आणि उलट्या बाजूला तिरपे होते. उजव्या हाताच्या माणसाची कानस तशी चालतच नाही.

लहानपणापासून मी ते ओरखडे बघत आले होते. बोट तिथंच राहिलं.

"बोला, किती वर्षांचा?" चष्मेवाल्या सरांनी विचारलं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं सांगावं तर ज्यांच्या हाती माझी जागा ते साहेब त्यांच्याच माणसांपुढे खोटे पडणार, आणि मग हा बैल विकला कुणी हे कुणी ना कुणी विचारणारच. पाच म्हणावं तर माझ्याआधीच्या सगळ्यांनी तेच सांगितलं असणार, सुखानं सुटका. पण मग त्या दातांकडे बघून मी खोटं बोलले असते. ज्या कामासाठी मी तिथं आले होते त्याची सुरुवातच खोट्यानं झाली असती. बैलानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. आमच्या दोघांत तोच जास्त शांत होता.

चष्मेवाले सर लिहिणाऱ्याला म्हणाले, लिहा, उत्तर नाही.

लिहिणाऱ्याचं पेन टेकलं. आणि मी म्हणाले,

"साहेब, तुमच्याकडे रुमाल आहे का?"

चष्मेवाल्या सरांना वाटलं मला रडू आलं. ते घाईघाईनं खिसे चाचपायला लागले. पण जामदार साहेब एकदम माझ्याकडे वळले. तीस वर्षं बाजार हिंडलेला माणूस तो. त्यांनी खिशातून मोठा चौकड्यांचा रुमाल काढला, झटकला, आपल्या हातावर टाकला आणि हात पुढे केला. मी तुझ्या आज्याच्या वयाचा आहे पोरी, भिऊ नको, असंही म्हणाले. मी रुमालाखाली हात घातला.

त्यांचा पंजा दाबला. पाच. साहेबांचा चेहरा फुलला. मी पुन्हा पंजा दाबला. दहा. आणि मग एक बोट धरलं.

साहेबांनी माझा पंजा दाबला, पाच. मी सोडलं नाही, पुन्हा अकरा. ते सातावर आले. मी अकरा. ते नवावर आले. भरल्या बाजारात एखादं हट्टी गिऱ्हाईक असावं तसे ते घासाघीस करत होते, आणि मी डावऱ्या ज्ञानूची मुलगी, मी एक वर्षसुद्धा खाली आले नाही. बाकीचे दोघं आमच्या हलणाऱ्या रुमालाकडे बघत उभे. शेवटी साहेबांनी हात सोडला, रुमाल घडी करून खिशात ठेवला, खिशातून वाचायचा चष्मा काढून पुसला, डोळ्यांवर चढवला आणि स्वतः बैलाचा जबडा उघडला. बराच वेळ उघडा धरला. मग शिंगावरून हात फिरवला.

"किती सांगितले हिनं?" चष्मेवाल्या सरांनी विचारलं.

"ते तिसऱ्याला सांगत नसतात," साहेब म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. मग हळूच मला म्हणाले, "शिंगं कुणी साळली असतील गं?"

"साहेब, रुमालाखाली फक्त आकडे सांगता येतात," मी म्हणाले. "नावं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. बघतच राहिले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी सवयीनं डावा हात दिला होता. सांगोल्याच्या बाजारात ह्यांनी हा बैल घेतला तेव्हा त्यांच्या रुमालाखाली कुठला हात आला असेल? अख्ख्या बाजारात डाव्या हातानं सौदा करणारा माणूस एकच. तोंडानं राखलं ते मी हातानं सांगून बसले होते.

मला बाहेर बसायला सांगितलं. तिघं आत गेले, दार लागलं. वीस मिनिटांनी जामदार साहेब एकटेच बाहेर आले आणि सरळ कडुलिंबाकडे चालायला लागले. आप्पांनी त्यांना दुरून बघितलं, ओळखलं, आणि फेट्याचा शेव तोंडावर ओढला. एवढा मोठा फेटा, पण त्या दिवशी तो त्यांना पुरला नाही. साहेबांनी रुमाल काढला आणि आपला डावा हात पुढे केला. व्हरांड्यातून मला दिसत होतं. रुमाल हलला, थांबला, पुन्हा हलला. आप्पांचा चेहरा आधी उतरला, मग लाल झाला, मग त्यांनी मान डोलावली आणि वाकून रामराम केला.

परतीच्या एस.टी.त आप्पा अर्धा रस्ता खिडकीबाहेर बघत होते. काय झालं विचारलं तर म्हणाले, रुमालाखालचं हाय ते. मग मीच सांगून टाकलं. म्हणाले, "आप्पा, मी अकरा सांगितले."

दोन थांबे गेले.

"बारा हायेत," ते म्हणाले. "पन अकरा बी चालत्याल."

आणि हसायला लागले. मीही हसले. एस.टी.तली माणसं वळून बघायला लागली तरी आम्हाला थांबता येईना. मध्येच आप्पांनी डोळे पुसले, ते हसण्यानं की कशानं, मी विचारलं नाही.

तीन आठवडे घर नुसतं टांगणीला. मामा येऊन डी.एड.ची शेवटची तारीख सांगून गेला. आई आप्पांना म्हणाली, तुम्हाला काय कळलंय का, तोंडाला कुलूप का? आप्पा म्हणाले, मला त्यातलं काही म्हाईत न्हाय, मला आकडा म्हाईत हाय तो येगळा. मग एका दुपारी बागवानचाचाच पाकीट घेऊन सायकलवरून ओरडत आले. त्यांना वाचायची इतकी घाई की पाकिटाबरोबर आतलं पत्रही फाटलं. मधलीच ओळ शिल्लक होती, पण तीच कामाची होती. माझं नाव यादीत पहिलं होतं.

सौदा पटला की आमच्याकडे बैलाच्या पाठीवर गुलाल टाकतात. आप्पा घरात गेले, गेल्या बेंदराचा उरलेला गुलाल मुठीत घेऊन आले आणि माझ्या डोक्यावर, पाठीवर, सगळीकडे उधळला. आई म्हणाली पोरगी हाय का बैल, आणि तिनंही मूठ भरली. म्हशीला गूळ दिला. ती ओरडली तेव्हा पहिल्यांदाच शेजाऱ्यांनी तक्रार केली नाही.

कॉलेजात जायच्या दिवशी दारात टेंपो उभा. मला वाटलं माझ्या एका ट्रंकेसाठी आप्पांनी फारच मोठी तयारी केली. बघते तर ट्रंकेशेजारी सोन्या उभा, आमच्या दावणीचा सगळ्यात देखणा बैल, खरोखरच पाच वर्षांचा, शिंगांवर त्याचे सगळे वेढे जसेच्या तसे. असा मी कॉलेजात प्रवेश घेतला, बैलाच्या शेपटीचे फटके खात. वसतिगृहातल्या मुली गॅलरीत गोळा झाल्या होत्या.

आप्पांनी सोन्याला उतरवलं आणि राजाला टेंपोत चढवलं. तेव्हा मला कडुलिंबाखालचं सगळं कळलं. साहेबांनी अकरा दाबले होते आणि त्याच्या बदल्यात आप्पांनी पाच. पण कळल्याबरोबर माझ्या मनात काटा गेला. मी तशीच साहेबांपुढे जाऊन उभी राहिले.

"साहेब, माझी जागा ह्या बैलावर मिळाली का?"

"यादीवर तिघांच्या सह्या झाल्या, पाकीट बंद झालं, मग मी झाडाखाली गेलो," साहेब म्हणाले. "आधी गेलो असतो तर तो बाजार झाला असता. तू मला चारचौघांत पाडलं नाहीस आणि खोटंही बोलली नाहीस. बाकीचं आम्ही शिकवू."

राजा पुढे चार वर्षं आमच्या दावणीला होता. कामाला कधी जुंपला नाही. मी सुट्टीत घरी आले की आप्पा त्याच्याकडे बोट करून गिऱ्हाइकाला सांगायचे, ह्यो विकायचा न्हाय, ह्यानं माझ्या पोरीची मुलाखत घेतलीय.

त्या दिवशी टेंपो निघायच्या आधी आप्पा माझ्या ट्रंकेपाशी आले. कमरेला खोचलेली जुनी कानस काढली, फडक्यात गुंडाळली आणि माझ्या कपड्यांवर ठेवली. मी म्हणाले, आप्पा, ही तुम्हाला लागेल की, बेंदूर आला. त्यांनी मान हलवली.

"शिंगाला न्हाय लावायची," ते म्हणाले. "खुराला लाव."

पस्तीस वर्षं मी ती खुरांनाच लावली. डाव्या हातानं.